उइहाला नेलेली डीव्हीडी

नानिसे हाफोका आमच्या बेटावरच्या पांगाई गावी टेलिफोन कचेरीत एकवीस वर्षं होती. ऑकलंड, सिडनी, कुठूनही फोन आला की तो आधी तिच्या कानातून जायचा. पलीकडून नुसतं "हॅलो" आलं तरी ती विचारायची, "काय रे, आईचा खोकला ऐकायला फोन केलास की पैसे मागायला?" माणूस तिने आवाजावरून ओळखलेला असायचा. पुढे यंत्रं बदलली, मध्ये माणूस लागेनासा झाला आणि बाई पन्नाशीतच घरी बसली. लग्न केलं नव्हतं. आईचं घर, चर्चच्या गायनात मधला सूर आणि परसात दोन डुकरं, एवढा तिचा संसार. मी शेजारी राहायची आणि सरकारी शाळेत शिकवायची.

भाचीच्या लग्नामुळे हे काम तिच्या मागे लागलं. ऑकलंडहून भाच्याने तिला जुना कॉम्प्युटर पाठवला होता. लग्नाचा व्हिडिओ इंटरनेटवरून उतरवायला चार दिवस गेले. तो तबकडीवर भरून तिने टीव्हीखालच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये घातला, तर तो वाचेचना. तिने कुंपणावरून मला हाक मारली.

"लोसे, तू मास्तरीण ना? मग सांग, ह्या डब्याला कुठली भाषा कळते?"

"मला काय माहीत! तुझ्या भाच्याला विचार."

"त्याला विचारलं. तो म्हणतो, नवीन घे."

नवीन घेणाऱ्यातली ती नव्हे. तीन आठवडे ती त्या कॉम्प्युटरसमोर बसली. कॉम्प्युटरवरचा व्हिडिओ एका साच्यातला असतो आणि घरच्या प्लेअरला दुसरा साचा लागतो, तेव्हा सगळा ऐवज पुन्हा ओतावा लागतो, हे तिला कळलं. अमेरिकेहून आलेली चित्रं वेगळ्या गतीने पळतात. जुने प्लेअर वजाचं चिन्ह असलेल्या तबकड्या घेतात आणि अधिकचं चिन्ह असलेल्या थुंकून टाकतात. तासाभराचा व्हिडिओ ओतायला पाच तास लागायचे आणि मध्येच वीज गेली की पहिल्यापासून सुरुवात.

आमच्याकडे घरटी एक तरी माणूस परदेशात असतो. टीव्ही आणि प्लेअर त्यांनीच पाठवलेले, कॉम्प्युटर मात्र कुणाकडे नाही. बातमी पसरली तशी माणसं नानिसेच्या दारात येऊ लागली. लग्नं यायची, बारशी यायची, पण सगळ्यांत जास्त यायचे अंत्यविधी. ज्यांना विमानाने जाणं जमलं नाही ती माणसं घरात चटया अंथरून, काळे कपडे घालून, टीव्हीसमोर बसून आपल्या माणसाला निरोप द्यायची. नानिसे पैसे घेत नसे. कुणी कोनफळं आणायचं, कुणी नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं.

एका बाबतीत ती फार हट्टी होती. ओतताना कधीकधी आवाज मागे पडतो. सुरुवातीला सगळं जुळलेलं असतं, अर्ध्या तासाने ओठ मिटतात आणि स्तोत्र चालूच राहतं. असं झालं की ती तबकडी फेकून द्यायची आणि पुन्हा बसायची. "गाणाऱ्याचं तोंड आणि गाणं वेगळं झालं तर तो माणूस खोटा वाटतो गं," असं म्हणायची.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये उइहा बेटावरची इलाइसे आली. तिचा थोरला भाऊ फेलेती ऑस्ट्रेलियात, मिल्ड्युराच्या द्राक्षमळ्यात काम करता करता कोसळला आणि जागीच गेला. तिथेच त्याला पुरलं. आई तोकिलुपे सत्तरीपलीकडची, डोळे पूर्ण गेलेले, ती कुठली जाणार? व्हिडिओचा इंटरनेटवरचा पत्ता इलाइसेने कागदावर लिहून आणला होता.

व्हिडिओ उतरला तेव्हा आम्ही तिघी बघायला बसलो. पेटी, फुलं, माणसांच्या रांगा सगळं होतं. पण व्हिडिओ काढणाऱ्याने तो सुंदर व्हावा म्हणून सबंध लांबीवर एक तयार गाणं चढवलं होतं. माणसं तोंड उघडून गात होती, रडत होती आणि ऐकू येत होता फक्त पियानो.

नानिसेने चित्र तिथेच थांबवलं. "आणि हे आंधळ्या बाईला दाखवायचं?"

इलाइसे खाली बघत म्हणाली, "असू दे, मावशी. असंच बरं आहे."

"बरं कसं? मूळ आवाज त्या माणसाकडे असेल. मी मागवते."

"नको."

इलाइसेने पडद्यावरच्या थांबलेल्या चित्राकडे बोट केलं. गाणाऱ्यांच्या मागच्या रांगेत, कडेला, एक रुंद खांद्याचा माणूस उभा होता. "हा वुना. माझा धाकटा भाऊ."

चौदा वर्षांपूर्वी वुनाने नको त्या हवेत होडी काढली होती. सोबत बाप गेला. होडी परत आली, बाप आला नाही. तोकिलुपेने किनाऱ्यावरच लेकाला सांगितलं की पुन्हा तोंड दाखवू नकोस. त्याच महिन्यात तो बेट सोडून गेला आणि घरात त्याचं नाव निघायचं बंद झालं.

"आईला आवाज ऐकू आला तर ती ओळखेल," इलाइसे म्हणाली. "एक लेक गेलाय तिचा. त्यात हे दुसरं दुखणं कशाला उकरायचं?"

"डोळे देवाने नेले," नानिसे म्हणाली. "कान पण आपण काढून घ्यायचे का?"

"आई माझी आहे, मावशी."

ह्यावर नानिसेने कॉम्प्युटर बंद केला. पण दुसऱ्या दिवशी तिने मिल्ड्युराला त्या व्हिडिओवाल्याला फोन लावला. मी तिला म्हटलं, "अगं, ती नको म्हणाली ना?" तर म्हणते, "मी विचारून तर बघते." मूळ चित्रण आलं, ते उतरवायला नऊ दिवस लागले. ओतलं, तर आवाज मागे पडला. मी म्हटलं, "म्हातारीला कुठे दिसणार आहे?" ती म्हणाली, "इलाइसेला दिसतं. आणि मला माहीत असणार ना." पुन्हा दोन दिवस.

इलाइसे तबकडी न्यायला आली तेव्हा नानिसेने तिच्यासमोर दोन ठेवल्या. "ही गाण्याची. ही खरी. मी तुला न विचारता केली. कुठली न्यायची ते तू ठरव." इलाइसेचा चेहरा लाल झाला. "आता मी गाण्याची नेली तर जन्मभर चोर ठरेन. हे तुम्हाला कळलं नाही का?" तिने खरी उचलली आणि म्हणाली, "मग तुम्ही पण चला. काय होईल ते बघा."

शनिवारी दुपारी आम्ही उइहाला गेलो. होडीत इलाइसे आमच्याकडे पाठ करून बसली होती.

तोकिलुपे कमरेला शोकाची जाड चटई गुंडाळून भिंतीला टेकून बसली होती. आजूबाजूला पाचसहा बायका होत्या. प्लेअर सुरू झाला आणि पहिल्यांदा रडणं ऐकू आलं. म्हातारीने मान कलती केली.

"ही फेलेतीची बायको. बिचारीचा घसा बसलाय. ही तिची बहीण, ही नेहमीच जास्त रडते." बायका डोळे पुसता पुसता हसल्या.

मग स्तोत्र सुरू झालं. पहिलं कडवं झालं. दुसऱ्यात पुरुषांचा खालचा सूर वर आला आणि म्हातारीचा हात हवेत उठला.

"मागे घ्या."

नानिसेने मागे घेतलं. पुन्हा तेच कडवं. "आणखी एकदा." तिसऱ्या वेळी म्हातारी हळूच म्हणाली, "वुना आहे."

इलाइसे पुढे सरकली. "आई, दुसरा कुणी असेल."

"गप्प बस. त्याच्या बापाचा आवाज आहे तो. तसं दुसरं कोण गातं?" तिने चेहऱ्यावरून हात फिरवला. "तोंड दाखवू नकोस म्हटलं होतं मी. आता दाखवलं तरी मला दिसायचं नाही."

ती रडली नाही. चित्रण शेवटपर्यंत ऐकलं, पेटीवर माती पडली तेही ऐकलं. त्या वेळी मात्र तिने इलाइसेचा हात घट्ट धरला. सगळं संपल्यावर म्हणाली, "शेवटच्या कडव्यात त्याला दम पुरत नाही. जेवत नसेल धड. त्याला सांगा."

इलाइसेने दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर फेलेतीच्या बायकोकडून नंबर घेऊन वुनाला फोन लावला आणि तेवढंच सांगितलं. वुना पुढच्या मे महिन्यात आला आणि तीन आठवडे राहिला. आई त्याच्याशी फारसं बोलली नाही, पण रोज संध्याकाळी त्याला गायला लावायची. त्याच्या पुढच्या वर्षी ती गेली, तेव्हा खांदा द्यायला वुना होता.

सगळे म्हणाले की नानिसेमुळे हे झालं. तिला ते आवडत नसे. इलाइसे त्यानंतर तिच्या घरी कधी आली नाही. रस्त्यात भेटली तर बोलायची, तब्येत विचारायची, पण आत आली नाही. त्या दिवसापासून नानिसे प्रत्येक अंत्यविधी हातात घेण्याआधी घरच्यांना विचारू लागली, "सगळं ठेवू ना? काही नको असेल तर आत्ताच सांगा." आणि कुणी काढ म्हटलं तर मुकाट्याने काढायची.

मग मोठं वादळ आलं. तिचं छप्पर उडालं, कॉम्प्युटर पाण्यात गेला. तोवर लोकांच्या हातात फोन आले होते आणि तबकड्या कुणी मागत नव्हतं. नानिसे मुख्य बेटावर, तोंगाटापूला, भाचीकडे राहायला गेली.

गेल्या सुट्टीत मी तिला भेटायला गेले. वाल सोलत बसली होती. बोलता बोलता मी म्हटलं, "काही म्हण, तोकिलुपेचं तू बरोबर केलंस."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "म्हातारीचं बरोबर झालं, लोसे. इलाइसेचं नाही झालं. चौदा वर्षं आईला तिने सांभाळलं होतं आणि मी एका दुपारी जाऊन तिला खोटी पाडली. तू उइहाला जातेस तेव्हा ती भेटते का?"

"भेटते."

"कशी आहे?"

"बरी आहे. नातू झाला."

"हो?" ती म्हणाली, आणि त्याचं नाव काय ठेवलं ते विचारलं.