सगळे गप्प बसले ते शब्बाथ

जेरुसलेममधल्या आमच्या येमेनी ज्यूंच्या सिनेगॉगात मोरी पिन्हास नम्रतेवर फार सुरेख बोलत. मोरी म्हणजे आमचे गुरुजी, तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ. ते सांगत, "तोराच्या भाषेत 'नम्र' आणि 'पिचलेला' हे शब्द एकाच धातूपासून आलेत. आपणहून वाकलात तर नम्र व्हाल. नाही वाकलात तर देव तुम्हाला पिचवील." आम्ही माना डोलवायचो. त्यांची स्वतःची मान वाकलेली मात्र मी कधी पाहिली नाही.

आमच्यात ज्याला पुढे बोलावतात त्याने तोराचा आपला भाग स्वतः वाचायचा. तोराच्या गुंडाळीवर स्वरचिन्हं नसतात, सगळं पाठ लागतं. चुकला की ऐकणाऱ्यांनी तिथल्या तिथे सुधारायचं आणि त्याने पुन्हा म्हणायचं. नाहीतर वाचन धरलं जात नाही. मोरी सुधारत नसत, सोलून काढत. येहिएल भिंतींना गिलावा करायचा. लग्नानंतरच्या शब्बाथला, म्हणजे आमच्या शनिवारच्या पवित्र दिवशी, तो एका शब्दावर अडखळला, तर सासऱ्यादेखत मोरी म्हणाले, "भिंती लिंपतोस तसंच वाचतोस होय रे? बस खाली." तो बसला तो कायमचा. मग एकेकाने वाचणं सोडलं. मीही सोडलं, भित्राच मी. सगळं मोरीच वाचू लागले.

तीस वर्षं अशी गेली आणि मोरींना विसर पडू लागला. शब्द गाळत, ओळी उलटसुलट करत. आम्हाला कळत होतं, पण आम्ही गप्प. म्हाताऱ्या माणसाचा पाणउतारा कशाला, असं एकमेकांना सांगायचो. आठ शब्बाथ वाचन वाया गेलं.

नवव्या शब्बाथला दाराजवळून येहिएलने बरोबर शब्द सांगितला. आवाज न चढवता. मोरींनी तो पुन्हा म्हटला. पुढच्याच ओळीला परत तेच झालं, मग परत. शेवटी त्यांनी मान वर केली.

"किती दिवस चाललंय हे?"

"नववा शब्बाथ, मोरी."

"आणि हे बाकीचे?"

"त्यांना तुमची दया आली."

"तुला नाही आली?"

"नाही."

"बरं झालं," मोरी म्हणाले. मग त्यांनी वाचताना ओळीवर फिरवायची चांदीची काडी त्याच्यापुढे धरली. "ये, तू वाच."

येहिएल उठला, मेजापाशी आला. त्याने काडी धरली, ओठ हलवले. आवाज फुटेना. "कानाला सगळं येतं, मोरी," तो म्हणाला. "तोंडाला येत नाही. त्या दिवसापासून."

मोरींनी आमच्याकडे पाहिलं. एकेकाच्या तोंडाकडे, रांगेने. माझ्यापाशी नजर आली तेव्हा मी खाली बघितलं. साठ माणसं होतो आम्ही. कोणीच उठलं नाही.

मोरी जमिनीवर बसले, आमच्यात सुतकात बसतात तसे. गुंडाळी अर्ध्यावर उघडी होती. बराच वेळ ती तशीच राहिली.