आत्या, शिंजीर आणि माझी हळद

आमच्या आत्याला बसलेलं गोराईत कुणी पाहिलं नव्हतं. चहा उभ्यानं, जेवण उंबऱ्यात उभ्यानं. बाजारातही मासळीच्या पाटीमागे उकिडवी, उठायच्या बेतात. कुणी बस म्हटलं की विचारायची, "बसून काय अंडी घालू?" गेल्या वर्षी गेली तीही बाजारात, पाटी डोक्यावर घेताना.

आईबाबांच्या मागे तिनंच मला वाढवलं, बोटीनं खाडीपलीकडे बोरिवलीच्या कॉलेजात धाडलं. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी. मला याचा अभिमान आहेच, पण तो मिरवायची आत्या. सुरमई घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी माझी डिग्री ऐकावी लागायची.

माझं लग्न तोंडावर आलं तेव्हा अंगणातल्या कपड्यांच्या दोरीला जळमटाचा एक झुबका लोंबू लागला. मी झाडू उचलला. आत्यानं मनगट धरलं. झुबक्यातून बारीक वाकडी चोच बाहेर आली. शिंजिराची मादी. घरामागच्या तिवरांच्या झाडीत दिवसभर भिरभिरणारा, अंगठ्याएवढा जीव.

"माझ्यासारखीच हाय, बूड टेकत नाय," आत्या म्हणाली. "आता टेकलंय तर टेकू दे."

पण हळदीचा मांडव तिथंच पडायचा होता, आणि बँडशिवाय कोळ्यांची हळद कुणी ऐकली आहे? आत्यानं परस्पर ठरवून टाकलं: मांडव शेजाऱ्यांच्या अंगणात, बँड थेट जेट्टीवर. काका भडकले. पोरीची हळद आहे की मयत, म्हणाले.

"आत पिल्लं हायत. तुला नाचायचं ना? मग चाल की जेट्टीपर्यंत."

मग काय, लोक मला हळद लावून जेट्टीकडे पळत होते आणि नाचून धापा टाकत जेवायला परत येत होते. सासरहून आलेल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लग्नानंतर निघताना पाया पडायला गेले, तर आत्या दोरीसमोर पाटावर बसली होती. बसली होती! शेजारच्या बोक्यासाठी हातात काठी.

"जेट्टीवर येत नाहीस?"

"तू पोचशील गं, पदवीधर हायस. यांना अजून उडता येत नाय."

बोटीत मी रडले नाही. धुमसत होते.

चार दिवसांनी तिचा फोन आला. उडाली म्हणाली, दोन्ही. मी विचारलं, आत्या, बसली आहेस का?

"नाय गं, उभीच हाय. आता बसू कुणासाठी?"