अर्ध्या शटरवाल्या बाई

जुनी गिऱ्हाइकं त्यांना 'अर्ध्या शटरवाल्या बाई' म्हणायची. दुकान एवढंसं, की कपडे घालून बघायला आडोसा नाही. म्हणून कुणी मापाला आलं की बाई शटर अर्ध्यावर ओढायच्या आणि पाठ करून स्टुलावर बसायच्या. बावीस वर्षं एकटीने शिवत होत्या. प्रत्येक ड्रेसला दोन खोल खिसे, मागा नाहीतर नका मागू. एखादीला रंग शोभत नसला तर तोंडावर सांगायच्या. ती रुसून गेली तरी बेहत्तर.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. मी शहरातल्या छोट्या बुटिकांचं ऑनलाइन गाइड लिहितो. 'मॉल सोडा, आमच्याबरोबर गल्लीत या' असा आमचा थाट. माझ्या आधी लिहिणारीने बाईंना यादीत घेतलं होतं, आणि नवी गिऱ्हाइकं तिथूनच यायची. बाईंना त्याचा पत्ताही नव्हता. आमचा नियम असा, की वर्षातून दोनदा न सांगता जायचं आणि दोन्ही वेळा दुकान बंद दिसलं तर 'कायमचं बंद' लिहायचं. मी दोनदा गेलो, दोन्ही वेळा शटर अर्धं खाली. आवराआवर चालली असणार, असं ठरवून मोकळा झालो. वाकून एक हाक मारायला माझ्या बापाचं काय जात होतं? पण आम्हां साहेबांना पुढची तीन दुकानं उरकायची होती.

वर्षभराने ताईला कोट शिवायचा होता, ती मला तिथेच घेऊन गेली. "एवढं छान दुकान तुझ्या गाइडात का नाही रे? काखेत कळसा नि गावाला वळसा!" असं म्हणत ती आत गेली आणि माझ्यासमोर शटर अर्ध्यावर आलं. मी फुटपाथवर उभा राहून फोनवर आमचं पान उघडलं. 'कायमचं बंद.' शब्द माझेच. तिथल्या तिथे ते खोडले, दोन मिनिटांचं काम होतं.

शटर वर गेलं तेव्हा बाई ताईला सांगत होत्या, "वर्ष झालं, नवं माणूस फिरकलं नाही. जुन्या येतात त्या ओळखीखातर. माझा हातच गेला असेल हो. महिनाअखेर जागा सोडतेय."

"ह्याला विचारा ना," ताई कौतुकाने म्हणाली. "माझा धाकटा भाऊ. दुकानं पारखून लिहितो."

बाईंनी लगबगीने एक ड्रेस काढून माझ्यापुढे धरला. "मग सांगा, कुठे चुकतंय माझं? भीड धरू नका."

शिवण अशी, की सुलटी बाजू कुठली नि उलटी कुठली ते कळू नये. मी खरं सांगणार होतो. शब्द ओठांवर आले होते. पण ताई माझ्याकडे बघत होती.

"कट जरा जुना वाटतो," मी म्हणालो.

बाईंनी ड्रेस नीट घडी करून ठेवला.

"वाटलंच होतं मला," त्या म्हणाल्या. "सगळे गोड बोलून जातात. तुम्ही तेवढं खरं सांगितलंत, बरं झालं."