परसातून आलेला गारवा

मिरजेच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "यांना आता घाम येणार नाही." मला त्याचा अर्थच कळला नाही. माणसाला चालता येणार नाही, उठून बसता येणार नाही, हे मी ऐकून घेतलं होतं. घामाचं काय एवढं, असं वाटलं.

आमचे हे साखर कारखान्यात फिटर होते. शिडीवरून पडले आणि मानेचा मणका मोडला. छातीखालचं अंग गेलं. हात खांद्यातून हलायचे, पण बोटं मिटायची नाहीत. तोंड, गाल, मान एवढ्यालाच स्पर्श कळायचा. आवाजही बसला होता, कारण जोरात बोलायला लागतो तो श्वास छातीत भरत नव्हता.

घामाचा अर्थ चैत्रात कळला. सांगलीहून हरिपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं पत्र्याचं घर. दुपारी पत्रा तापला की यांचं अंगही तापायचं. आधी मी ताप समजून गोळ्या दिल्या. डॉक्टर म्हणाले, "हा तसला ताप नाही. बाहेर जेवढं तापेल तेवढे हे तापणार. खोली गार ठेवा, नाहीतर जिवावर बेतेल." मी ओल्या चादरी घातल्या, खिडकीला भिजवलेली पोती टांगली. ओलीनं पाठीला जखम झाली, ती भरायला पावसाळा उजाडला. आणि पंख्याचं म्हणाल तर नेमकी भर दुपारीच लाईट जायची. तो उन्हाळा आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत.

शेजारी एक अण्णा होते. जैन शेतकरी, हळदवाले. दिवस मावळायच्या आत जेवायचे आणि मग आमच्याकडे येऊन यांच्या कॉटजवळ बसायचे. हळदीचा भाव, नदीचं पाणी, गावच्या गोष्टी. एकदा बोलता बोलता म्हणाले, "पेवात हळद लय वर्सं ऱ्हाती बगा. कीड न्हाई, काय न्हाई. वैशाखात पेव उघडलं तरी आतली माती हाताला गार लागती."

पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं, अरुंद तोंडाचं कोठार. आमच्या भागात हळद त्यातच ठेवायची रीत. मी ते लहानपणापासून ऐकत आले होते. यांनी मात्र पेव किती खोल असतं ते अण्णांना विचारून घेतलं.

सकाळी मला म्हणाले, "पाटी आण. मी सांगतो तसं काढ." मी काढत गेले. परसाच्या टोकाला लिंबाखाली एक नळ उभा. तिथून जमिनीत खोल उतरून आडवा घराकडे येणारा. घराशी पुन्हा वर चढून भिंतीतून खोलीत उघडणारा. तोंडाशी पंखा. "बाहेरचा गरम वारा जमिनीतनं फिरून आला तर गार होऊन यील," ते म्हणाले. पडल्यापासून त्यांच्या तोंडी 'यील', 'हुईल' असा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

माझा धाकटा भाऊ नुकताच फौजेतून पेन्शनीवर आला होता, लोणंदजवळ आमच्या माहेरी. दिवाळीनंतर तो भेटायला आला. पाटी बघून म्हणाला, "दाजी, ह्यात काय खोटं न्हाई. आमी वाळवंटात बंकरात ऱ्हायलोय. वर भाजून निघायचं, खाली गार."

कारखान्यातले एक इंजिनियरसाहेब अधूनमधून यायचे. त्यांनीही मन लावून ऐकलं. परदेशात जमिनीत पाण्याचे नळ पुरतात आणि यंत्र लावून घरं थंडीत ऊबदार, उन्हाळ्यात गार ठेवतात, असं त्यांनी सांगितलं. "तसलं यंत्र आपल्याला मिळायचं नाही. पण तुमचं वाऱ्याचं काम जमेल. नळ लांब घ्या, दोन पुरुष खोल घाला, आणि थोडा उतार ठेवा, आत पाणी साठायला नको." चर कुठं किती खोल हवा हे त्यांनी यांच्याशी बसून ठरवलं.

अण्णांच्या मळ्यात सिमेंटचे नळ पडून होते, नदीचं पाणी आणायला घेतलेले. मी संकोचाने विषय काढला तर म्हणाले, "आवं बाई, गवतात पडून हायत. घेऊन जावा." दुसऱ्या दिवशी त्यांच्याच बैलगाडीतून नळ दारात आले.

खणायला यांच्या पाळीतले सोबती आले, आपापल्या सुट्टीच्या दिवशी. कोणी आष्ट्याहून सायकलवर यायचा, कोणी भाकरी बांधून. मी पिठलं नि कांदा पुढं करायची. आम्ही बौद्ध, ते निरनिराळ्या जातींचे. सगळे एका परातीभोवती बसून जेवायचे. भावानं चराच्या दोन्ही बाजूंना फळ्या ठोकून घेतल्या होत्या, काळी माती ढासळू नये म्हणून. यांची कॉट आम्ही मागच्या खिडकीशी सरकवली होती. तिथून ते बघत राहायचे.

अर्ध्याहून जास्त चर झाला असेल. एका सोबत्याची पहार अचानक आत गेली. माती खचली आणि काळं भोक दिसलं. कुणालाच ठाऊक नसलेलं जुनं पेव. पहार आत पडली होती.

"पार काढतो," म्हणत त्यानं दोन्ही पाय आत सोडले.

"उतरू नको!"

मला आधी कळलंच नाही कोण ओरडलं. खिडकीतून यांचा आवाज आला होता. गळ्याच्या शिरा ताठ, डोळे मोठे. "वर ये! आत वारा खराब हाय! मळीच्या टाकीत गुदमरत्यात तसा मरशील!"

तो कमरेपर्यंत आत गेलेला माणूस थबकला. भावानं काखेत हात घालून त्याला वर ओढला. मग दोरीला कंदील बांधून आत सोडला. थोडा खाली गेला आणि ज्योत बारीक झाली, विझली. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. तो सोबती मातीनं भरलेल्या पायांनी आत आला, यांच्या कॉटजवळ खाली बसला आणि यांचा न मिटणारा हात आपल्या डोक्यावर ठेवून रडला. हे धापा टाकत म्हणाले, "गड्या, पारीसाठी जीव द्यायला निघाला व्हय रं?" मग दोघंही हसायला लागले. त्या सोबत्याला घरी तीन लेकरं होती. मी आत जाऊन चुलीवर सगळ्यांसाठी चहा ठेवला.

पेव माती टाकून बुजवलं. चर वळवून घेतला. नळ बसले, सांधे भरले. वरच्या तोंडाला उंदीर-साप जाऊ नयेत म्हणून जाळी लावली. भावानं मोटारीचा जुना पंखा आणला आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीवर जोडला, म्हणजे दुपारी लाईट गेली तरी अडायला नको.

फाल्गुनातल्या एका तापलेल्या दुपारी त्यानं तो सुरू केला. घरघर झाली. मी भिंतीतल्या तोंडाशी हात धरला. मला काहीच विशेष वाटेना. यांचं तोंड तिकडं वळवलं. थोडा वेळ गेला.

"लागतंय," ते म्हणाले. "गालाला लागतंय. मातीचा वास हाय त्याला."

बर्फासारखा गार वारा नव्हता तो. विहिरीच्या कठड्याशी वाकल्यावर लागतो तसा. पण त्या उन्हाळ्यात यांचं अंग एकदाही तसं तापलं नाही. ओली चादर घालावी लागली नाही, पाठीला जखम झाली नाही. पावसाळ्यात आम्ही नळाचं तोंड झाकून ठेवायचो आणि होळीला उघडायचो. त्यानंतर ते कितीतरी उन्हाळे जगले, आणि गेले ते थंडीच्या दिवसांत, न्यूमोनियानं.

त्या खोलीत दुपारी माणसं यायला लागली, हे कोणी ठरवलं नव्हतं. अण्णा जेवून टेकायचे. गल्लीतली बाळंतीण लेकराला घेऊन यायची. पाळीवरून सुटलेले सोबती पान खात बसायचे. आधी लोक यांना बघायला यायचे आणि काय बोलावं न कळून लवकर उठायचे. आता उठता उठत नव्हते. हे कॉटवरून दम द्यायचे, "दार लावा रं, गारवा जातोय!" आणि मी भिंतीशी पाय पसरून, निवांतपणे, सगळ्यांसाठी लिंबू पिळत बसायची.