हजेरीवाल्या सुलभाताई

नोएडातल्या आमच्या कपड्यांच्या कारखान्यात सुलभाताई हजेरी घ्यायच्या, त्या चक्क नावं पुकारून. बोटांचे ठसे घेणारं मशीन दारातच होतं, पण इस्त्रीवाल्यांची बोटं इतकी झिजलेली की मशीन त्यांना ओळखायचंच नाही. "मशीनला दिसत नसेल, मला तर समोर उभा दिसतोय ना!" म्हणत ताई वहीत खूण करायच्या. महिनाअखेरीस त्या पानांचे फोटो मला पाठवायच्या. मी एचआरचा साहेब.

लग्नानंतर साताऱ्याहून दिल्लीतल्या द्वारकेला आल्या, त्याला तीस वर्षं झाली होती. हिंदी मात्र शेवटपर्यंत साताऱ्याचीच. "ए रामदीन, कल किधर गायब था? बुखार था तो फोन करने को क्या हुआ?" असा त्या इस्त्रीवाल्याला दम भरायच्या आणि मग स्वतःच्या डब्यातलं थालीपीठ त्याच्या हातावर ठेवायच्या.

मग कंपनी दिवाळखोरीत गेली. गेटला कुलूप लागलं, सगळ्यांचे पगार अडकले. कोर्टाकडून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठरावीक तारखेपर्यंत पुराव्यासकट दावा करायचा होता. ऑफिसवाल्यांना ईमेल आला. मी माझा दावा भरून मोकळा झालो; कामगारांना ईमेल कुठून येणार, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ताईंनी गेटसमोरच्या चहावाल्याचं बाकडं धरलं आणि एकेकाचा फॉर्म भरायला बसल्या. स्वतःचा सर्वांत शेवटी भरला.

अडलं ते पुराव्यापाशी. हजेरीच्या वह्या गहाळ झाल्या होत्या आणि मशीनच्या नोंदीत इस्त्रीवाले निम्मे दिवस गैरहजर. ताई माझ्याकडे आल्या. "माझा ऑफिसचा मेल बंद झालाय हो. तुम्ही ते फोटो उतरवून ठेवले असतील ना?"

ठेवले होते. माझ्याच लॅपटॉपवर, महिन्यावार. पण जुन्या मालकांनी आदल्याच आठवड्यात मला बजावलं होतं, "कागज बाहर नहीं जाना चाहिए," आणि त्यांच्या नव्या कंपनीत नोकरी देऊ केली होती. घराचे हप्ते चालू होते. पण हप्ते कुणाचे नसतात?

"नाही हो ताई," मी म्हणालो. "सगळं आतच अडकलंय."

"अच्छा. चला, बघू काहीतरी," म्हणाल्या आणि उन्हातून परत गेटकडे गेल्या. इस्त्रीवाल्यांचे निम्मे दिवस दाव्यातून कापले गेले. मला नोकरी मिळाली.

गेल्या वर्षी ताई गेल्या. तेराव्याला द्वारकेला गेलो, तेव्हा रामदीन दाराशी चपला काढत होता. मला पाहून त्याने हात जोडले. म्हणाला, "साहब, हम लोग तो आप पर बहुत नाराज थे। मैडम ने ही डाँटा। बोलीं, साहब के पास होता तो सबसे पहले वही देते।"

समोर ताईंचा हार घातलेला फोटो होता.

"बिल्कुल," मी म्हणालो.