तरणी म्हणून जपली नाही

मंडळी, आज सकाळी मी सुतकात असूनही शेजारच्या अंगणात गेलो.

मागच्या पंधरवड्यात आमच्या घरी पडशा-तापाची साथ आली. म्हाताऱ्या वडिलांना आणि तान्ह्या पुतणीला आम्ही उबेत ठेवलं, काढा दिला. बायको सात महिन्यांची पोटुशी, पण तरणीताठी. अकोल्याच्या बाजारात कापसाला कधी नव्हता तो भाव आहे, म्हणून ती तापातही रेच्यावर, त्या हातचरकावर, कापसातली सरकी काढत राहिली. वडील बरे झाले, पुतणीही. बायको गेली. आज सहावा दिवस.

सकाळी कुंपणावरून पाहिलं, तर शेजारच्या काकूंची पोटुशी सून रेच्यावर बसून खोकत होती. मी त्यांच्या अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिलो.

"सुतक फिटलं नाई अन् इकडं कावून आला रे बापू?" काकू म्हणाल्या.

"सुनेले उठवा. तिले ताप हाय."

"जवान पोरगी हाय. पडसं तर साऱ्यायलेच हाय."

"आमीबी हेच म्हटलं होतं, काकू."

काकूंनी सुनेला हाताला धरून आत नेलं आणि निजवलं. मग बाहेर येऊन त्यांनी, मी उभा होतो त्या जागी पाणी शिंपडलं.

म्हातारे आणि लेकरं आपण जपतोच. तुमच्या घरातली पोटुशी बाई आज काय करून राहिली आहे?