दाखवलं ते घेतलं

आमच्या समोरच्या खुर्चीवाल्याच्या धाकट्या मुलीला सगळे बारकी म्हणतात. ती बापापेक्षा टीचभर उंच आहे, दुकानाच्या मागच्या दारातून आत शिरताना मान वाकवते, तरी बारकीच. हे नाव पडलं तेव्हा ती पाळण्यात होती. पुढे ते बदलावं असं कुणाला सुचलं नाही. त्या घरात एकदा ठरलं की ठरलं.

माझी लाँड्री त्यांच्या दुकानाच्या अगदी समोर. सगळी गल्ली मला मावशी म्हणते. इस्त्री करणाऱ्या बाईला दोन गोष्टी फुकट मिळतात, वाफ आणि बातम्या. त्यामुळे बारकीबद्दल मी जे सांगते आहे ते ऐकीव नाही, बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे.

त्यांचा धंदा खुर्च्या आणि सोफे भरून देण्याचा. बसकणीखाली पट्टे ताणायचे, त्यावर स्प्रिंगा सुतळीनं बांधायच्या, मग गोणपाट, काथ्या, कापूस आणि शेवटी वरचं कापड. बाप हाडाचा कारागीर, पण त्याचा उजवा अंगठा हळूहळू आखडत गेला आणि स्प्रिंगा बांधायचं काम बारकीकडे आलं. ते तिनं असं उचललं, की बापच लोकांना सांगायचा, "माझी बसकण दहा वर्षांनी खाली बसते, हिची बसत नाही." पोरगी लाजायची नाही. कामाच्या बाबतीत तिला खोटा विनय अजिबात जमत नसे. एरवी गरीब गाय, पण तिच्या टाक्याला कुणी नाव ठेवलं की शिंगं बाहेर.

मोठा भाऊ केव्हाच दूरच्या शहरात नोकरीला गेला. तो गेला तेव्हा त्याला हार घालायचाच काय तो बाकी ठेवला होता. मुलगा मोठा झाला, मुलगा बाहेर पडला. बारकी मात्र घरीच राहणार हे कुणी बोललंसुद्धा नाही, जसं घराला छप्पर आहे हे कुणी बोलत नाही.

आणि त्या घरात आत्या होती. बापाची थोरली बहीण. तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. नाताळला त्यांच्याकडे एक प्रकार चालायचा, तो आत्यानंच सुरू केलेला. त्याला ते 'दाखवणी' म्हणत. सकाळी घरच्या घरी भेटी उघडायच्या आणि दुपारी शेजारीपाजारी आणि नातलग जमले की घरातल्या मुलांनी एकेक भेट सगळ्यांसमोर दाखवायची. कुणी दिली, कशी वापरायची, आपल्याला का आवडली. टोपी असेल तर घालून, भोवरा असेल तर फिरवून. मग आत्या म्हणणार, "दाखवलं ते घेतलं," आणि सगळे टाळ्या वाजवणार. त्यानंतर ती भेट परत करायची नाही, बदलायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही. लहानपणी भावानं एक बाजा दाखवला आणि पुढे वर्षभर त्याला तो रोज वाजवावा लागला. आम्हालाही तो वर्षभर ऐकावा लागला.

लहान मुलांना हे शोभतं. पण लग्न होईपर्यंत किंवा घर सोडेपर्यंत मूल ते मूलच, हा आत्याचा हिशेब. म्हणून पंचविशी उलटलेली, दाभण ओढून ओढून बोटांना घट्टे पडलेली ही बाई दर नाताळला बैठकीच्या मधोमध उभी राहून मोजे वर करून दाखवायची. हसायचीसुद्धा. त्या हसण्याकडे मला बघवायचं नाही.

त्या वर्षी, थंडी नुकतीच सुरू झालेली असताना, ती आपला एकुलता एक चांगला कोट घेऊन माझ्याकडे आली.

"मावशी, परवा सकाळी लागेल. आणि घरी बोलू नका."

"काय गं, बघायला येतंय की काय कुणी?"

"मीच चाललेय एक जागा बघायला." मग तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. दूरच्या एका दवाखान्यात माणसांना लाकडी, प्लास्टिकचे पाय बनवून देतात. पाय जिथे मांडीला टेकतो, तिथे आतून मऊ भर बसवावी लागते, नाहीतर माणसाला चालताना जखमा होतात. त्या कामाला त्यांना भरणारा कारागीर हवा होता. "आपण आजवर लोकांना नुसतं बसवतच आलो, मावशी," ती म्हणाली. "तिथे माणूस उठून चालेल."

मी कोट असा कडक इस्त्री करून दिला की तो एकटासुद्धा उभा राहिला असता. तिला जागा मिळाली. नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी हजर व्हायचं होतं. घरी सांगायचं राहिलं होतं. "नाताळला सांगते," ती म्हणाली. "सगळे एकत्र असतील आणि सगळ्यांच्या तोंडात केक असेल. भेटी झाल्या की लगेच."

त्याच सुमारास त्यांच्या दुकानात एक मोठं काम आलं होतं. कुणा बाईसाठी खुर्ची, पाठीला उंच, हातांना गाद्या, सगळी मापावर. कपड्यांचं गाठोडं आणून टाकताना बारकी मला त्याबद्दल सांगायची. "बाबा म्हणतात ती बाई माझ्याच चणीची आहे. माझंच माप घेतलं. गुडघ्यापर्यंत, कोपरापर्यंत, सगळं. दिवसभर बसून असते म्हणे. वीस वर्षं ढिली पडता कामा नये असं सांगितलंय." मग जरा थांबून, "कोण असेल हो बिचारी? दिवसभर म्हणजे दिवसभर?"

"असेल कुणी सावकारीण," मी म्हटलं.

"तसं नाही वाटत. मला तिची दया येते." असं म्हणून ती हसली. "शेवटचं खालचं कापड ठोकायच्या आधी आत लाकडावर मी खडूनं लिहून ठेवलंय. बाई, अधूनमधून उठत जा."

आम्ही दोघी हसलो. मी तर इस्त्री बाजूला ठेवून हसले.

नाताळच्या दुपारी मी गेले तेव्हा बैठक भरलेली होती. भाऊ आला नव्हता, त्यानं भेट पाठवली होती. गल्लीच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला दोन माणसांची जागा अडवून बसला होता. आई केक कापत होती. बारकी कोट घालूनच उभी होती, आणि तो कोट पाहून मला कळलं, आज ही बोलणार. पहिला आईचा डबा निघाला, चार कप्प्यांचा. बारकीनं तो उघडून दाखवला आणि माझ्याकडे चोरून पाहिलं. प्रवासाला होईल, असं त्या नजरेत होतं. आत्यानं विणलेली शाल निघाली. गाडीत थंडी असते. भावाकडून टेबलावरचा दिवा आला. आता परगावच्या खोलीत दिवा लागणारच की. पोरगी एकेक वस्तू अशी हौसेनं दाखवत होती, जणू घरच्यांना सगळं आधीच कळलंय आणि ते तिची बांधाबांध करून देताहेत. माझाही क्षणभर तसाच समज झाला.

"आता खाली चला," बाप म्हणाला. "एक राहिलंय."

आम्ही सगळे जिना उतरून दुकानात गेलो. गल्ल्यामागे, जिथे इतकी वर्षं बाप मोडक्या स्टुलावर बसायचा, तिथे ती खुर्ची होती. गडद हिरवं कापड, पाठीला उंच, हातांना गाद्या. बापानं भावाचा दिवा नेऊन गल्ल्यावर ठेवला. तिथे त्याच्यासाठी तारसुद्धा ओढून ठेवली होती. आईनं डबा खालच्या फळीवर सरकवला. तो तिथे असा चपखल बसला की मापच घेतलेलं असावं. आत्यानं शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली.

"बसून बसून पाठीला गारवा लागतो," आत्या म्हणाली.

बाप बोलायला लागला. "माझा अंगठा आता ऐकत नाही. आजपासून दुकान हिचं. म्हटलं, हिला साध्या खुर्चीत कशी बसवू? आणि हिच्याएवढं चांगलं काम गावात दुसरं कोण करणार? म्हणून हिच्याचकडून करून घेतली." तो हसत होता आणि डोळे पुसत होता. "पत्ता लागू दिला नाही हो मी! स्वतःच्या हातानं केलीय तिनं, स्वतःसाठी."

मला राग आला, आणि कुणावर काढावा ते कळेना, कारण त्या माणसाच्या डोळ्यांत लबाडीचा कणही नव्हता. बारकी खुर्चीकडे बघत उभी होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मारणारे सगळे प्रेमानं मारत होते.

"दाखव की," आत्या म्हणाली.

ती हलली नाही. कोटाची बटणं तशीच लावलेली. तिला काय करायचंय ते मला कळलं. दाखवायचंच नाही. दाखवलं नाही तर घेतलं नाही. आत्याच्याच कायद्यानं सुटायचं.

मी म्हटलं, "अगं, तिला काहीतरी सांगायचं असेल. बारके, बोल ना. सांग तुझं."

तिनं तोंड उघडलं. "बाबा, मला..."

एवढ्यात बेकरीवाला पुढे झाला आणि त्या खुर्चीत धपकन बसला. दोनदा वरखाली झाला, नाक मुरडलं आणि म्हणाला, "दिसायला झकास आहे. पण कडक वाटते बुवा. आणि डावीकडे जरा कलते."

"कलते?" बारकी म्हणाली.

"किंचित. पोरीचं काम आहे, चालायचंच."

मी मनात म्हटलं, बारके, नको. पण शिंगं बाहेर आली होती.

"उठा," ती म्हणाली. "तुम्ही एका अंगावर बसता, खुर्चीला काय बोलता? उठा म्हणते ना!" तो उठला. तिनं कोट काढून बापाच्या हातात दिला आणि स्वतः बसली. "हे बघा. पाठ इथे टेकते. कोपर इथे. पाय सपाट जमिनीला, ना लोंबकळत ना दुमडलेले. कडक वाटते कारण पुढची रांग मी मुद्दाम घट्ट बांधलीय, नाहीतर दिवसभर बसणाऱ्याच्या मांड्या बधिर होतात. कलते म्हणे! दोरा लावून बघा." तिनं पुढे झुकून दिवा लावून दाखवला, मागे रेलून दाखवलं, हात पसरून गल्ल्यातलं वहीपेन न वाकता उचलून दाखवलं. तिचे गाल लाल झाले होते. इतकं सुंदर तिनं कधीच काही दाखवलं नव्हतं. "वीस वर्षं," ती बेकरीवाल्याला म्हणाली. "वीस वर्षं ढिली पडली तर माझं नाव बदला."

"दाखवलं ते घेतलं," आत्या म्हणाली.

टाळ्या वाजल्या. बापानं सगळ्यांत मोठ्यानं वाजवल्या. तिचा कोट त्याच्या काखेत होता. तेव्हा कुठे बारकीला कळलं आपण काय करून बसलो. ती उठायला गेली आणि परत बसली, कारण बाप तिच्या डोक्यावर हात ठेवून रडत होता.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानातून फोन करायला आली. पलीकडच्यानं कारण विचारलं असावं. "मला जागा मिळाली," ती म्हणाली. "इथेच." मग माफी मागून फोन ठेवला.

मी भडकले. "खुर्चीच आहे ना? सोड आणि जा! ती काय तुझ्या मागे धावत येणार आहे? पाय आहेत तिला?"

"चार आहेत, मावशी," ती म्हणाली. "आणि एकेका पायाला एकेक माणूस धरून बसलंय."

मी बोटांवर मोजलं. भाऊ, आई, आत्या, बाप. बरोबर चारच होते.

आता त्याला बरीच वर्षं झाली. आत्या थकली, तरी दाखवणी चालते. बाप वरच्या मजल्यावरून क्वचित उतरतो, पण उतरला की गिऱ्हाइकाला ती खुर्ची दाखवल्याशिवाय सोडत नाही. बेकरीवाला मध्यंतरी मला म्हणाला की तेव्हा तो नुसती गंमत करत होता. मी त्याचा सदरा दोन दिवस उशिरा दिला.

खुर्ची ढिली पडलेली नाही. हिरवा रंग हातांपाशी विटलाय, पण बसकण जशीच्या तशी. एकदा मी बारकीला विचारलं, ते खडूनं लिहिलेलं अजून असेल का गं आत?

"असेल," ती म्हणाली. "पण खालचं कापड निघाल्याशिवाय दिसायचं नाही. आणि ते मीच ठोकलंय. ते काही निघत नाही."

दिवसातून दोनतीनदा ती गल्ल्यामागून उठते, रस्ता ओलांडून येते आणि माझ्या टेबलापाशी उभी राहते. सुरुवातीला मी विचारायची, काय हवंय. "काही नाही," ती म्हणायची, "उठले जरा." आता मी विचारत नाही. माझी इस्त्री चालू असते, ती वाफेत उभी असते. समोर गिऱ्हाईक आलं की परत जाते.